दुष्काळातलं कोकरू

तायक्वांदोच्या वसतिगृहासाठी निवड चालली होती. शालूची लाथ सगळ्या पोरींत चपळ निघाली, तरी शिवशंकर सरांनी तिच्या पायाला मापायचा टेप लावला आणि यादीतलं नाव खोडलं.

"या खेळाला लांब पाय लागतात, बाई. हिचे आखूड आहेत."

तिची आई बानाबाई पडेगावहून मेंढरं जावेवर सोपवून आली होती. सकाळपासून ती दाराशी उकिडवी बसून होती.

"सर, तुमी कधी मेंढरू घेतलंय का?"

"नाही."

"मग ऐका. दुष्काळातलं कोकरू खुजंच दिसतं. आमी त्याचे पाय नाय मापत. त्याची माय उभी करून बघतो. माय उंच असली की चारा मिळाल्यावर कोकरू वाढतंयच. ही पोर सगळी दुष्काळातच वाढलीय."

सर हसले. "बरं, उठा मग."

बानाबाई सावकाश उठली आणि भिंतीवर पोरींसाठी लावलेल्या उंचीच्या पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली. पट्टी तिच्या खांद्यापाशीच संपली. तिच्या तोंडाकडं बघायला सरांना मान वर करावी लागली.

"नाव लिहा," ती म्हणाली. "चारा तेवढा तुमी घाला."