कोणता घोडा?

"उंटानं घोडा मारला," पडद्याआडून कमरुन्निसा म्हणाली.

इकडे बैठकीत तिच्या नवऱ्यानं, नजीरनं, पटावरचा पांढरा घोडा उचलला, त्याच्या घरात तिचा काळा उंट ठेवला आणि घोडा आपल्या मांडीजवळ गादीवर ठेवून दिला. समोर पुंडलिकराव मास्तर बसले होते, नव्या राज्याचे बुद्धिबळातले पहिले विजेते. उद्या यवतमाळात ते एकाच वेळी वीस जणांशी खेळणार होते. तो सगळा घाट शेजारी बसलेल्या भगवानरावांचा. कापसाचं जिनिंग त्यांचं, आणि त्या जिनिंगची इंजिनं दुरुस्त करणारा नजीर. नजीरची बायको भलती खेळते असं भगवानरावांनी सांगितलं, म्हणून मास्तर दारव्ह्याहून जाताना वाटेत बोरी अरबला नजीरच्या घरी थांबले. बाई हरली नाही तर उद्याचा एकविसावा पट तिचा, असं ते स्वतःच्या तोंडानं बोलले होते. उद्या यवतमाळला नेसायची साडी तिनं सकाळीच काढून पेटीवर ठेवली होती.

पडदा जाड होता, आरपार काही दिसत नव्हतं. आत तिचा वेगळा पट मांडलेला. मास्तर जी चाल बोलत ती कमरुन्निसा आपल्या पटावर मांडी, आणि ती बोले ती चाल नजीर बाहेरच्या पटावर मांडी. इथवर दोन्ही पट अगदी जुळून चालले होते.

मास्तरांचे डाव तिला पाठ होते. पेपरात आलेला एकेक डाव तिनं माहेरी बापासोबत मांडून पाहिलेला. मोहरा उघडा टाकायचा, समोरच्याला खाऊ द्यायचा, आणि तो खाऊन सुस्तावला की सरळ त्याच्या राजाच्या छातीवर बसायचं, ही मास्तरांची तऱ्हा. चाल परत घेणारा माणूस म्हणजे ताटात थुंकून पुन्हा जेवणारा, असं ते सभेत सांगायचे म्हणे. म्हणून आज त्यांचा घोडा उघडा पडला तेव्हा ती आधी घाबरलीच. जाळं कुठं आहे ते तिनं उलटसुलट शोधलं. जाळं नव्हतंच. एवढा मोठा माणूस साधासुधा चुकला होता. मग तिनं घोडा मारला.

मास्तरांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. बराच वेळ पटाकडे पाहिलं. मग हात लांब करून नजीरच्या मांडीजवळचा घोडा उचलला. हसले, वर भगवानरावांकडे पाहून. तिचा उंट मागे ठेवला, आपला घोडा जागेवर ठेवला, आणि तिथून त्याच घोड्याची दुसरी चाल केली. भगवानराव आढ्याकडे पाहायला लागले. आढ्याला काय लागलं होतं देव जाणे.

"घोडा वजिराच्या पाचव्या घरात," मास्तर मोठ्यानं म्हणाले.

पडद्याआड एका चालीला तीन ठोके ऐकू आले होते. मास्तरांचा एक घोडा कधीच मेला होता. दुसरा आत्ता मेलेला, तिच्या मुठीत होता.

"कोणता घोडा?" तिनं विचारलं.

भगवानराव म्हणाले, भाभी, तुमच्या पटावर काही चुकलं असंन, कानानं खेळताना असं होते. मास्तर म्हणाले, बायामाणसांचं घाईत होतंच.

"तुमी सांगा जी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमीच उचलला ना तो?"

नजीरनं भगवानरावांकडे पाहिलं. मग गादीवरच्या रिकाम्या जागेकडे.

"तुह्याच पटावर चुकलं असंन," तो म्हणाला. "इकडं तर घोडा हाये."

होताच घोडा. मेल्यानं शब्द कसा निवडून काढला पाहा. खोटं बोलला असता तर एकवेळ बरं.

मास्तर म्हणाले, पटच जुळत नाहीत तर खेळायचं काय, डाव इथंच थांबवू. उद्या चारचौघांत असा घोळ नको, बाईंनी सध्या घरीच सराव करावा. बऱ्या खेळतात, अशी शाबासकीही देऊन टाकली. भगवानरावांनी मान डोलावली. मास्तर उठले आणि यजमानाच्या घराचा उंबरा न ओलांडताच त्यांनी दारात लाल पिचकारी टाकली आणि ते परत येऊन बसले.

आत कमरुन्निसाला मास्तरांची किळस आली, पण तो माणूस संध्याकाळी निघून जाणार होता. नवऱ्याचा आवाज मात्र कानातून जाईना, आणि त्याच्याच घरात तिला उद्या भाकरी थापायची होती. तिनं साडी पेटीत टाकली, झाकण लावलं आणि चहा ठेवला.

थोड्या वेळानं पडद्याखालून ट्रे सरकला. नजीरनं तो ओढून घेतला. मास्तरांना कपबशी दिली, भगवानरावांना दिली. तिसऱ्या बशीत कप नव्हता. त्या बशीत पांढरा घोडा उभा होता.

"ओळखता काय ह्याले?" आतून आवाज आला.

भगवानराव गंमत समजून हसले. मास्तरांनी बशीत चहा ओतला, भुरका मारला आणि साखर बेताची पडली म्हणाले. नजीर आपली बशी गुडघ्यावर धरून बसला. ते दोघं फुंकर घालत घालत चहा पीत होते. त्याच्या बशीत फुंकायला काही नव्हतं.