अजून एकडाव

आरोग्य परिषदेला संशोधनाचा सारांश पाठवायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंतच होती. वैभवीचं सगळं लिहून तयार होतं, फक्त प्रयागबाईंची संमती बाकी होती. त्यांची लेक कांचन बाळंतपणात रक्तस्रावानं गेली होती. तिच्याच केसवरून वैभवी वाशिममधल्या नर्सिंगच्या मुलींकडून डमीवर सराव करून घेत होती.

अनसिंगहून आलेल्या प्रयागबाई म्हणाल्या, "काय करता ते पह्यले मले पाहू द्या. मंग अंगठा देतो."

मुलींनी करून दाखवलं. पोट चोळलं, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. डमीतून वाहणारं लाल पाणी थांबलं.

"वाचली?"

"वाचली, मावशी."

"अजून एकडाव करा."

मुलींनी पुन्हा केलं. पुन्हा वाचली. प्रयागबाई पुन्हा तेच म्हणाल्या, आणि त्यानंतरही तेच.

शेवटी वैभवीनं हात जोडले. "मावशी, पाच वाजत आले. आता अंगठा द्या ना. दोन वर्षांची मेहनत आहे माझी, सगळी वाया जाईल."

प्रयागबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या डमीच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

"या टायमाले तिले कांचन म्हना," त्या म्हणाल्या.

मुली वैभवीकडे बघत राहिल्या. वैभवीनं लॅपटॉप मिटला, हातमोजे चढवले आणि डमीच्या कानाशी वाकून विचारलं, "कांचन, माझा आवाज येतोय का?"