वीस मिनिटांचं अंतर

अवकाशप्रवासाचे धोके मुलांना शिकवणारा व्हिडिओ गेम ती भाड्याच्या खोलीत एकटीच बनवत होती. किरणोत्सर्ग दाखवला, हाडांची झीज दाखवली; एकटेपणा मुलांना कळेल का, कुणास ठाऊक. तपासायला कुणी नव्हतं, म्हणून गेम आईला पाठवला. आठवड्याने आईचा फोन आला. “यान मंगळापर्यंत नेलं बाई कसंबसं. पण घरी निरोप धाडला की उत्तराला वीस मिनिटं लागतात. बिघडलंय का?” “नाही गं, अंतरच तेवढं. त्यानेच माणूस खचतो.” “वीस मिनिटांत उत्तर? मग चैनच की!” आई हसली. तीही हसली. फोन ठेवल्यावर तिने मेसेज उघडले. ‘जेवलीस का?’ आईने रोज विचारलं होतं. तिचं शेवटचं उत्तर अकरा दिवसांपूर्वीचं. सकाळी तिने फोन लावला. “काय झालं?” आई घाबरली. “काही नाही, सहज.” “सहज तू कशाला करशील? खरं सांग.”