परवाना

एकतीस साली सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या चन्नप्पांनी जर्मनीहून छऱ्याची बंदूक मागवली आणि निजामाच्या मुलखातल्या मेहुण्याकडे पोचवायला ती सिद्धाप्पा धनगराच्या हाती दिली. "हिला परवाना लागत नाही, बिनघोर जा," असं त्यांनी सांगितलं. ते सोलापुरापुरतंच खरं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिद्धाप्पा निजामाच्या नाक्यावर धरला गेला आणि तुरुंगात पडला, तरी 'बंदूक माझी' म्हणायला चन्नप्पा गेले नाहीत.

सहा महिन्यांनी सुटलेला सिद्धाप्पा थेट त्यांच्या दारात उभा राहिला. चन्नप्पांना मान वर करवेना.

सिद्धाप्पाने वाकून त्यांचे पाय धरले.

"माफी असू द्या, मालक. लई हातापाया पडलो, पर तुमची बंदूक त्येंनी परत दिली न्हाय."