प्लँटच्या रस्त्यावरचं वाळवण

भर उन्हाळ्यात बंद ठेवलेल्या खिडक्या.
राजूर रोडवर नव्या फ्लॅटची रंगीत पाटी.
नंदाबाईंच्या नातवाला वाफ द्यायचं मशीन.
कुरडयांवर बसलेली सिमेंटची भुकटी.

हे सगळं वस्तीला खेटून उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या प्लँटमुळं; राजूर रोडचे फ्लॅटही त्याच काँक्रीटचे. अर्ज देऊन झाले, फोटो काढून झाले. मग एका सकाळी बायकांनी प्लँटच्या रस्त्यावरच साड्या अंथरल्या आणि वाळवण घातलं.

काँक्रीट भरलेली गाडी गेटात थांबली. ड्रायव्हर हरिओम खाली उतरला.

"मावशी, जल्दी उचला. माल आळून राह्यला."

"आम्ही कुठं अडवलं?" नंदाबाई म्हणाल्या. "अन्नावरून चाक घालवत असशील, तर जा बाबा."

हरिओमनं इंजिन बंद केलं, तसा गाडीवरचा काँक्रीट ढवळणारा ड्रमही फिरायचा थांबला.

मालक जिनेंद्र तणतणत आला. हिरव्या साडीवरच्या मुगाच्या पापडांपाशी मात्र थबकला.

"काय बघून राह्यले शेठ? उचला की," नंदाबाई म्हणाल्या.

त्यानं हात लावला नाही. तो परत गेला.

महिन्याभरात प्लँट लांब माळावर हलला. नंदाबाईंनी खिडक्या उघडल्या. दुपारी नातू वाफ न घेता झोपला, तरी त्या उठून त्याच्या छातीला कान लावून आल्या. आतून नुसता श्वास ऐकू येत होता.

त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हिरवी साडी अंथरली होती ती भगवतीदेवींनी, जिनेंद्रच्या आईनं.