कुरावाँगचे दिवे

भोपळ्याचं सूप वाढता वाढता दिवे गेले आणि वाढप्याने पळीभर सूप नोरीनच्या शेजारी बसलेल्या शर्लीच्या मांडीवर ओतलं. दुपारची वेळ होती, खिडक्यांतून ऊन येत होतं, म्हणून इतकंच झालं.

"कोमटच आहे," शर्ली झगा पुसत म्हणाली. "नशीब माझं, या बोटीवर गरम काही मिळतच नाही."

सगळं टेबल हसलं. नोरीनचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ती नवऱ्याकडे पाहत होती. लेनने मान वर करून छतावरच्या दिव्यांकडे पाहिलं होतं.

वर्षभरात त्याने असं एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने दुरुस्त केलेला टोस्टर लेकीने गुपचूप दुकानात नेला, हे त्याला कळलं आणि त्या दिवसापासून गड्याने मिठाची गुळणी धरली. हत्यारांची पिशवी देऊन टाकली. दिवसभर अंगणातल्या खुर्चीत बसायचा, जेवायला हाक मारली की यायचा. जन्मभर बोटींच्या वायरी ओढलेला माणूस, त्यातली बारा वर्षं तर याच कुरावाँग बोटीवर. हा एक दिवस त्या खुर्चीतून उठणारच नाही, अशी नोरीनला भीती वाटायची. म्हणून तर हट्टाने तिने ही बेटांची सहल काढली होती.

पहिल्या संध्याकाळी कॅप्टनशी हात मिळवायला रांग लागली, तेव्हा तिने लेनला पुढे जाऊ दिलं आणि हळूच म्हटलं, "कॅप्टन, माझ्या नवऱ्याला काहीतरी बिघडलेलं द्या हो दुरुस्तीला. खोटं खोटंही चालेल."

कॅप्टन तुईलोमा हा फिजीतल्या सुव्याचा धिप्पाड माणूस. तो खळखळून हसला. "पाहू हं, बाई," म्हणाला आणि त्याने पुढच्याचा हात हातात घेतला.

आणि आज हे दिवे. पाठोपाठ एक खलाशी टेबलापाशी आला.

"मिस्टर हार्कर, कॅप्टननी विचारलंय, जरा खाली येता का? आमच्या वायरमनला अपेंडिक्स झालं म्हणून नुमेया बंदरात उतरवावं लागलं. विजेचा जुना बोर्ड तुमच्या हातचा आहे म्हणे."

कारणसुद्धा किती पटेलसं शोधलंय, नोरीनला वाटलं.

"माझा चष्मा कुठंय?" लेन उठत म्हणाला.

"डोक्यावर."

"आणि माझी पिशवी..." तो थबकला. मग लोण्याची सुरी खिशात घालून खलाशाच्या मागोमाग गेला.

त्यानंतर रोज काही ना काही व्हायचं. लिफ्ट अडकली, तीही बिंगोचे आकडे पुकारणाऱ्याला आत घेऊन. फ्रीजर बंद पडला आणि वितळलेलं आइसक्रीम वाडग्यांतून वाटलं गेलं. शर्लीने ते तीनदा घेतलं. लेन काळे हात आणि भाजलेला अंगठा घेऊन वर यायचा, दोन माणसांचं जेवायचा. "त्या पोरांनी माझ्या बोर्डाची काय दशा केलीय, तू बघायला हवंस," म्हणत झोपेपर्यंत बडबडायचा. नोरीन सुखाने ऐकत पडायची. कॅप्टनचा दिलदारपणा तिला फार भावला होता. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

"तुला भीती नाही गं वाटत?" शर्लीने विचारलं.

"कसली? मजा आहे की," नोरीन म्हणाली.

ब्रिस्बेन जवळ यायच्या आधीच्या एका दुपारी दिवे गेले आणि इंजिनही थांबलं. बोट वाऱ्याबरोबर आडवी सरकत गेली. खिडकीतून प्रवाळावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसत होती, तिच्यापलीकडे नारळाची झाडं. रेघ हळूहळू जवळ येत होती.

"फोटो काढून घ्या," नोरीन सगळ्यांना म्हणाली. "कॅप्टनने मुद्दाम जवळ आणलंय."

खलाशी तरंगायची जाकिटं वाटू लागले. आज प्रयोग मोठा दिसतोय, तिच्या मनात आलं. तिने शर्लीच्या जाकिटाचे बंद बांधले, चहा ओतून घेतला आणि एका म्हाताऱ्याला पियानोवर बसवलं. चमचे बडवत सगळा हॉल जुनी गाणी गाऊ लागला.

तेवढ्यात कॅप्टन दारात आला. सदरा घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. सोंगही चोख वठवतो हो, असं मनात म्हणत नोरीनने कप उंचावला आणि त्याला डोळा मारला.

कॅप्टन क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग माघारी गेला.

आणखी काही गाणी झाली आणि इंजिन सुरू होऊन पायाखालची जमीन थरथरली. दिवे आले. मागून लेन आला, खुर्चीत कोसळला आणि तिचाच चहा पिऊन टाकला.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. एक वायर सुटली होती." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला आणि तिचा हात धरून बसला. इतका खूश तो तिला लग्नातही दिसला नव्हता.

ब्रिस्बेनला उतरताना कॅप्टन शिडीपाशी उभा होता. लेन बॅगा घेऊन पुढे गेला होता.

"तुम्ही माझा शब्द राखलात," नोरीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझा माणूस मला परत दिलात."

"कोणता शब्द?" कॅप्टनला खरोखरच आठवत नव्हतं. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आभार मी मानायचे, बाई. त्या दुपारी लेन खालून सांगत होता, अजून थोडा वेळ द्या. आणि मी दारात आलो होतो तो सगळ्यांना होड्यांत उतरवायला. त्या लाटांत निम्मे तरी बुडाले असते. पण तुम्ही कप उंचावून डोळा मारलात. म्हटलं, त्याच्या बायकोलाच एवढी खात्री असेल, तर देऊ वेळ."