डाव्या खांद्यातला कापूस

लेकीच्या पहिल्या फॅशन शोमध्ये शेवटचा कोट घालून बाबांनीच चालायचं, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कोटही त्यांचाच, ज्यात त्यांनी ऑफिसातला उभा जन्म काढला तोच. फक्त तिनं तो पार उसवून नव्यानं शिवला होता.

“हल्ली कोट असाच लागतो, बाबा. मोकळा! आत पॅड नाही, अस्तर नाही. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे.” बाह्या चढवता चढवता ती हसली. “आणि तुमच्या टेलरमास्तरांनी काय घोळ घातला होता माहितीये? डाव्या खांद्यात दुप्पट कापूस! इतकी वर्षं तुम्हाला कळलंसुद्धा नाही?”

बाबांनी तोंड उघडलं. पण या कोटापायी पोर काल धड जेवलीही नव्हती, आणि बाहेर खुर्च्या भरत होत्या.

“मास्तरांचं वय झालं होतं गं,” ते म्हणाले. ज्या माणसानं मरेपर्यंत कुणाजवळ ब्र काढला नाही, त्याच्याच माथी त्यांनी खापर फोडलं.

घरी बाबा कायम दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे; त्यावरून त्यांची थट्टाही व्हायची. इथे चौकट नव्हती, नुसता आरसा होता.

लेक दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून बघत राहिली. मग पुढे येऊन तिनं कोटाची डावी बाजू वर ओढली. ती पुन्हा खाली घसरली.

“बाबा, जरा सरळ उभे राहा ना.”

बाबा सरळच उभे होते.